एंटर दाबल्यानंतरचा वेळ

अण्णा,

सोमवारी ऑफिसात तुमची शोकसभा झाली. व्हाइटफील्डच्या त्याच सातव्या मजल्यावर, जिथे मीटिंगला बोलावलं की तुम्ही भिंतीला टेकून उभे राहायचात, कारण खुर्च्या आधीच भरलेल्या असायच्या. भिंतीवरच्या पडद्यावर तुमचा फोटो लावला होता. ओळखपत्रावरचा. त्यात तुम्ही फोटो काढणाऱ्यावर रागावलेले दिसता. दोन मिनिटं सगळे उभे राहिले आणि मग आपले ऑपरेशन्सचे मोठे साहेब बोलले. "मारुती अण्णा जुन्या जमान्यातले. बदल त्यांना शेवटपर्यंत पचला नाही. पण माणूस फार प्रेमळ."

लोक हलकेच हसले. शोकसभेत हसतात तसं, मान खाली घालून.

मी उठले आणि म्हणाले, "हे खरं नाही."

प्रेमळ तर तुम्ही नव्हतातच. सहा वर्षांत तुम्ही माझं एकदाही कौतुक केलं नाहीत. आणि बदल पचला नाही हे तर धादांत खोटं. तुम्ही बदल मोजून मागत होतात. ज्यांना मोजून द्यायचा नव्हता त्यांनी तुम्हाला जुन्या जमान्यात ढकलून दिलं. त्यांच्यात मीही होते, म्हणून मला हे ठाऊक आहे.

साहेब म्हणाले, "रेवती, ही वेळ नाही."

"बरं. मग गुरुवारी सांगते," मी म्हणाले आणि बसले. गुरुवारी नव्या सिस्टिमची मीटिंग होती. तिथे काय झालं ते तुम्हाला सांगायचंच आहे. पण आधी जे सहा वर्षं सांगितलं नाही ते.

तुम्हाला आठवत असेल, होसकोट्याच्या गोदामात मी पहिल्यांदा आले ती तुमची टर्मिनलं काढायलाच. आपली कंपनी इस्पितळांना आणि दुकानांना औषधं पुरवते. ऑर्डरी फोनवर यायच्या आणि आठ जणी त्या टर्मिनलवर टाकायच्या. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. डोकं सगळं पलीकडच्या खोलीतल्या सर्व्हरमध्ये. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. कीबोर्डवरची अक्षरं झिजून गेलेली. नागपूरहून पुण्याला आणि पुण्याहून इथे आलेली मी, मला ते बघून खरोखर हसू आलं होतं. तुम्ही ते पाहिलंत.

"काढायला आलीस काय?"

"बदलायला आले, सर."

"एकच की ते. आणि सर नको म्हणू, इथं सगळे अण्णा म्हणतात. बस. आधी तीन तास मंगलाच्या मागं बस. मग काढ."

मंगलाक्का खानापूरची. तुमच्या निपाणीपासून फार लांब नाही, म्हणून तुमचं दोघांचं मराठी एकसारखं, मध्येच कन्नडात शिरणारं. 'मी येतो, मी जातो' असं ती बोलायची, तिकडच्या बायका बोलतात तसं. फोन खांद्यात धरून ती ऑर्डर ऐकायची आणि बोटं चालू. पडद्याकडे बघायचीच नाही. औषधाचा कोड, एंटर, नग, एंटर, पुढचा कोड. पडदा तिच्या मागून धावत यायचा. मी विचारलं, "अक्का, पुढचं पान यायच्या आधीच टाइप करता?" ती म्हणाली, "मग काय त्याची वाट बघत बसतो काय मी? ते येतं आपलं मागनं."

त्या दिवशी तुम्ही मला समजावलंत की टर्मिनलवर दाबलेलं एकही अक्षर वाया जात नाही. सर्व्हर गुंतलेला असला तर अक्षरं रांगेत थांबतात आणि आपला नंबर आला की जागेवर जाऊन बसतात. मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, गोष्टी सांगतायत.

मग आपलं भांडण सुरू झालं. फळ्यावर मी तुमचा आकडा लिहिला: सेकंदाला नऊ हजार सहाशे बिट. "म्हणजे जेमतेम हजारभर अक्षरं, अण्णा. अख्खा पडदा भरायला दोन सेकंद. आमच्या पीसीचं नेटवर्क याच्या दहा हजार पट वेगवान आहे."

तुम्ही फळ्याकडे बघितलं सुद्धा नाहीत. "तुझी तार रुंद आहे, मान्य. पण त्यातनं पाठवतेस काय? कंपनीचं चिन्ह, रंग, सतरा बटणं. दर खेपेला. आणि ते सगळं कुठनं येतंय, तर तिकडं कुठल्या तरी दुसऱ्या शहरातनं. मी पाठवतो औषधाचं नाव आणि शिल्लक. अख्खा पडदा भरायचाच कशाला? बदललं तेवढंच धाडायचं की."

"पण डेटा स्पीड..."

"स्वल्प थांब. डेटाचा स्पीड डेटाला. मंगलानं एंटर दाबला आणि तिला पुढचं काम करता आलं, ह्याच्या मधला वेळ किती? तेवढाच मोज. बाकी सगळं तुझ्या माझ्या भांडणासाठी आहे."

चाचणी घ्यायची कल्पना माझी. अट तुमची. मला टर्मिनलवर मंगलाक्का आणि पीसीवर आमच्या टीममधला एक चपळ मुलगा बसवायचा होता. तुम्ही म्हणालात, "माणूस बदललास तर माणूस मोजलास. यंत्र नाही मोजलंस." म्हणून मंगलाक्काला दोन आठवडे पीसीवर शिकवलं आणि मग तीच एका मोठ्या इस्पितळाची ऑर्डर तिनं दोन्हीकडे टाकली. टर्मिनलवर जेवढ्या वेळात पूर्ण यादी संपली, तेवढ्या वेळात पीसीवर निम्मीच झाली होती. तिची बोटं कीबोर्डवर थांबून राहायची आणि ती गोल फिरणाऱ्या खुणेकडे बघत बसायची. घड्याळ माझ्याच हातात होतं.

आणि मग तो सातवा मजला.

मी काय केलं ते तुम्ही पाहिलंत, कारण तुम्ही भिंतीला टेकून उभे होतात. मी तारेच्या वेगाचा तक्ता दाखवला. एका बाजूला टर्मिनलचा एवढासा खांब, दुसऱ्या बाजूला पीसीचा, छतापर्यंत गेलेला. साहेब खूश. त्यांनी विचारलं, "प्रत्यक्ष चाचणी घेतली?" मी म्हणाले, "चालू आहे, अजून पूर्ण नाही."

पूर्ण झाली होती. चार दिवस आधी.

मला वाटलं तुम्ही बोलाल. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. खाली कॅबची वाट बघत उभे होतो तेव्हा मीच विचारलं, "रागावलात?" तुम्ही रस्त्याकडे बघत म्हणालात, "खोटा आकडा दाखवली असतीस तर कोणीतरी पकडलं असतं. तू खरा आकडा दाखवलीस. आता कोण पकडणार?" एवढं बोलून तुम्ही माझ्यासाठी आलेल्या कॅबचं दार उघडून धरलंत आणि स्वतः बसने गेलात.

त्याच वेळी सांगायला हवं होतं की मला भीती वाटत होती. ते माझं पहिलं मोठं काम होतं आणि ते रद्द झालं असतं तर मीही घरी गेले असते. तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे: "मग तसं सांगायचं साहेबाला." तुमच्या जगात सगळं सांगता येण्यासारखं होतं. त्याचाच मला राग यायचा.

पीसी आले. ऑर्डरी मागे पडू लागल्या. वरून विचारणा झाली आणि मी गोदामात येऊन आठही जणींना सांगितलं, "स्क्रीनची वाट बघत बसू नका. आधीसारखं सलग टाइप करत चला." हे वाक्य माझं आहे, अण्णा. तुम्ही तेव्हा बाहेर गाडी भरून घेत होतात. तुम्ही असतात तर मला तिथल्या तिथे अडवलं असतंत. कारण टर्मिनलला ते जमत होतं, आमच्या पानाला जमत नव्हतं. पान तयार होण्याआधी दाबलेली अक्षरं कुठल्याच रांगेत थांबत नव्हती. ती नुसती जात होती.

चिंतामणी गावाच्या पुढच्या एका लहान सरकारी दवाखान्यानं साप चावल्यावरच्या लशीच्या चोवीस कुप्या मागितल्या. मंगलाक्कानं चोवीस टाकले. पान उशिरा उघडलं आणि दोन गेला. चार राहिले. गाडी चार कुप्या घेऊन निघाली.

तुमच्या हातात त्या ऑर्डरीची चिठ्ठी दुपारी आली. सिस्टिमच्या लेखी सगळं बरोबर होतं. चार मागितल्या, चार गेल्या. दुसऱ्या कोणालाही त्यात काही दिसलं नसतं. तुम्ही म्हणालात, "पावसाळ्याच्या तोंडावर तो दवाखाना चार कशाला मागेल?" आणि फोन लावलात. पलीकडची नर्स कन्नडात ओरडत होती, मला इकडे ऐकू येत होतं. फोन ठेवून तुम्ही सांगितलंत, तुतीच्या शेतात काम करणाऱ्या एका बाईला साप चावला होता. सुरुवातीलाच दहा कुप्या लागतात. चारही संपल्या होत्या आणि बाईचं बोलणं जड होऊ लागलं होतं.

गोदामात एकही गाडी नव्हती. तुम्ही वीस कुप्या बर्फाच्या पेटीत घातल्यात, पेटी छातीशी धरलीत आणि होसकोट्याच्या स्टँडवर चालत सुटलात. मी मागून धावत म्हणत होते, "अण्णा, टॅक्सी बोलावते." तुम्ही न थांबता म्हणालात, "ती येईपर्यंत बस निघंल." बस सुटतच होती. तुम्ही कंडक्टरला कन्नडात काय सांगितलंत मला कळलं नाही, पण नंतर समजलं की ती बस मधल्या दोन थांब्यांवर थांबलीच नाही, आणि आतल्या एकानंही तक्रार केली नाही.

ती बाई वाचली. तुम्ही परत आलात तेव्हा अंधार पडत होता. "आहे ती. डोळे उघडली," एवढंच सांगितलंत आणि पेटी धुवायला गेलात.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. 'कारण: मानवी चूक. ऑपरेटरने चुकीचा नग टाकला.' मंगलाक्काला कामावरून काढायचं असं ठरल्यासारखंच होतं. त्याच्यावर सिस्टिमची प्रमुख म्हणून माझी सही हवी होती आणि गोदामाचे प्रमुख म्हणून तुमची. मी केली. तुम्हाला मी नंतर सांगितलं की मी पूर्ण वाचलं नव्हतं. अण्णा, मी वाचलं होतं.

तुम्ही सही केली नाहीत. मंगलाक्का जेवणाच्या खोलीत रडत बसली होती. "अण्णा, मी चोवीसच घातलो. माझ्या बोटाला ठाऊक आहे की." तुम्ही तिला म्हणालात, "मग बोटालाच विचारू. ऊठ."

साहेब त्या दिवशी गोदामात आले होते. तुम्ही त्यांना बोलावलंत, मला बोलावलंत, मंगलाक्काला पीसीसमोर बसवलंत आणि तिच्या डोळ्यांवर तिचीच ओढणी बांधलीत. म्हणालात, "मंगला, पाच वेळा चोवीस घाल. रोजच्यासारखं घाल." तिनं घातलं. पाचात तीन वेळा पडद्यावर चार उमटले. बोटं काय दाबतायत ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. दोन, चार, एंटर. दोन, चार, एंटर. साहेबांचा चेहरा मी बघितला नाही, कारण मला तिच्या बोटांवरून नजर काढता येईना.

मी सही मागे घेतली. तिथेच, सगळ्यांसमोर. आठवडाभर बसून आम्ही ते पान दुरुस्त केलं. ते तयार होईपर्यंत दाबलेली अक्षरं रांगेत थांबतील अशी सोय केली, म्हणजे तुमच्या टर्मिनलमध्ये पहिल्यापासून होती तीच. तुम्ही येऊन पाहिलंत, स्वतः दहा वेळा चोवीस टाकलंत आणि म्हणालात, "सरी." कन्नडातलं 'ठीक'. बस्स. मला वाटलं होतं पुढे काहीतरी बोलाल. मी खरं तर वाट बघत होते.

मंगलाक्काची माफी मी मागितली. तुमची नाही मागितली. आज उद्या करत राहिले आणि मग तुम्ही निवृत्त झालात, टर्मिनलं भंगारात गेली आणि आपलं सगळं बोलणं रविवारच्या फोनवर आलं. तुम्ही 'कशी आहेस' असं कधीच विचारलं नाहीत. "आज किती लागतो?" हा तुमचा पहिला प्रश्न. एंटर दाबल्यापासूनचा वेळ. मी सांगायची. "परवापेक्षा वाढला की. काय घातलंत त्यात?" मग मी शोधायला लागायची आणि दर वेळी कुणीतरी काहीतरी घातलेलं सापडायचं. माऊसशिवाय चालणारं, बदललं तेवढंच पाठवणारं जे पान आज आपल्या आठही जणी वापरतात, ते अशाच रविवारांमधून तयार झालं. कागदोपत्री ते माझ्या टीमचं आहे. मी हे कधी दुरुस्त केलं नाही आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत.

आता तुमचं जे मला मान्य नाही त्याबद्दल. तुम्ही गेलात म्हणून मी हार मानणार नाही. टर्मिनलं काढायलाच हवी होती. त्यांचे सुटे भाग मिळत नव्हते, त्यांच्यावर कन्नड अक्षर उमटत नव्हतं, आणि त्या सर्व्हरचं सगळं फक्त तुमच्या डोक्यात होतं. तुम्हाला काही झालं असतं तर गोदाम बंद पडलं असतं, हे मी तुमच्या तोंडावर सांगितलं होतं आणि तुम्ही दोन रविवार फोन घेतला नव्हतात. शेवटचं भांडण तर अर्धंच राहिलं. मी म्हणत होते, सारख्या नावाची औषधं चुकू नयेत म्हणून पानावर गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो हवा. तुम्ही म्हणालात, "चित्र बघून औषध ओळखणारा माणूस मला गोदामात नको."

"अण्णा, तुम्ही गोदामात नाही आहात आता."

तुम्ही थोडं थांबलात. "ते आहे," म्हणालात. "रविवारी बोलू."

शुक्रवारी तुमच्या मुलीचा, सुषमाचा फोन आला, तुम्ही गेल्याचा. त्या 'ते आहे' मध्ये मी तुम्हाला दुखावलं की तुम्ही नुसते विचार करत होतात, हे आता मला कोण सांगणार? सुषमाला विचारलं. ती म्हणाली, "फोन ठेवून हसत होते बाबा. म्हणाले, नागपूरची बया ऐकत नाही." हे ऐकून मी तिच्यासमोर रडले, तुमच्या घरच्या जिन्यात.

आणि गुरुवारी मी सातव्या मजल्यावर गेले. नव्या सिस्टिमचा करार करायचा होता. पानं फार देखणी आहेत, अण्णा. उघडताना हलतात, सरकतात. मला पुन्हा तेच काम दिलं होतं: वेगाचा तक्ता दाखवायचा, आणि या वेळचे खांब तर आणखी उंच होते. मी तक्ता लावलाच नाही. मी मंगलाक्काला घेऊन गेले होते. तिला खुर्ची नव्हती, तेव्हा मी माझी दिली.

मी म्हणाले, "सहा वर्षांपूर्वी याच खोलीत मी सांगितलं होतं की चाचणी पूर्ण झालेली नाही. ती झाली होती. नवी सिस्टिम हरली होती. मी ते लपवलं. त्यातून पुढे काय झालं ते साहेबांना माहीत आहे."

मग मंगलाक्कानं देखण्या पानावर एक ऑर्डर टाकली. बाजूच्या पीसीवर, आपल्या साध्या पानावर, तीच ऑर्डर परत. घड्याळ मी साहेबांच्या हातात दिलं होतं. नवी सिस्टिम विकायला आलेला माणूस मध्येच म्हणाला, "पण आमचा डेटा स्पीड..." आणि मंगलाक्कानं त्याच्याकडे न बघता हात वर केला. "स्वल्प थांबा सर. मीच थांबलोय अजून."

पहिल्यांदा त्या खोलीत लोक मोकळेपणानं हसले.

करार झाला नाही असं नाही. थांबला. त्यात एक अट घातली गेली: कुठलंही पान गोदामात लावायच्या आधी तिथे रोज काम करणाऱ्या बाईनं ते चालवून बघायचं, एंटर दाबल्यापासूनचा वेळ मोजायचा, आधीपेक्षा जास्त निघाला तर पान परत. मसुद्यात मी त्या अटीला 'मारुती अण्णांची चाचणी' असं नाव दिलं. साहेब म्हणाले, "अट ठीक आहे. पण नाव कशाला? करारात माणसाचं नाव बरं दिसत नाही."

मी म्हणाले, "नाव राहील. नाहीतर हे काम दुसऱ्या कोणाला द्या."

मग त्यांनी कागद पुढच्या पानावर उलटला.

नाव राहिलं आहे, अण्णा. आणि नव्या पानांवर पाकिटांचे फोटोही येणार आहेत. लहान, हलके, मागितले तरच दिसणारे. त्यांनासुद्धा तुमच्या चाचणीतून जावं लागेल. तुम्ही असतात तर त्यातही काहीतरी खोट काढली असतीत. काढा. माफी मागायची होती ती इथे लिहून मागितली. बाकी सगळ्या बाबतीत मी तुमच्याशी अजून भांडणार आहे.